खालच्या ओळीतले सहा

सुवाल्की, ३ नोव्हेंबर २००३

लुद्का,

तुझ्या आईच्या कबरीवर परवा, सर्व संतांच्या दिवशी, पांढरी शेवंती ठेवलेली दिसली. मी ठेवली नव्हती. फाटकाजवळच्या फुलवालीला गाठलं, तर ती म्हणाली, जर्मनीतून पैसे भरून मागवलीय. पत्ता देईना. तिला जरा दटावलं, मग दिला. तेव्हा पत्ता कुणी दिला म्हणून कुणावर चिडायचंच असेल तर माझ्यावर चीड. ती बाई गरीब आहे.

चौदा वर्षांनी मावशीचं अक्षर बघून तुला किळस येईल. येऊ दे. मला हल्ली सगळ्याचीच येते. शेजारणीच्या कोबीच्या सुपाच्या वासाची येते, बसमध्ये कुणी मफलर सोडला की त्यातून येणाऱ्या उबट वाफेची येते. तीस वर्षं उंदरांच्या मुतात काढली तेव्हा एकदाही आली नाही, आणि निवृत्त झाल्यावर हे असं.

तू ब्रेमेनमध्ये म्हाताऱ्यांच्या चादरी बदलतेस असं कानावर आलंय. खरं का? तुझं डोकं आणि चादरी! असो. मला बोलायचा अधिकार नाही हे ठाऊक आहे.

लिहायचं कारण वेगळंच. संस्थेत बारा डिसेंबरला मोठा समारंभ आहे. प्रोफेसर ग्रोमाद्स्कींना ऐंशी वर्षं पूर्ण होताहेत आणि त्या थंड खोलीला त्यांचं नाव देणार आहेत. थंड खोलीला! तीस वर्षांत तो माणूस त्या दारातून आत किती वेळा गेला ते मी एका हाताच्या बोटांवर मोजून सांगेन. आत चार अंश असायचे आणि साहेबांना लगेच सर्दी व्हायची. उंदरांना नाही झाली तरी चालायची.

मागच्या आठवड्यात नवा संचालक स्वतः घरी आला. गुळगुळीत दाढी, गळ्याशी रेशमी रुमाल, आणि केकचा डबा. "गेनियाबाई, त्या ऐतिहासिक प्रयोगातल्या, प्रोफेसर सोडले तर, आता तुम्ही एकट्याच उरलात. दोन शब्द बोला ना! लोकांना जिवंत माणूस बघायला आवडतं." डबा उघडून दाखवला. समारंभासाठी ते असाच मोठा केक करणार आहेत, त्याचा हा नमुना. वर चॉकलेटची रेघ: आधी चढती, मग उतरती. प्रोफेसरांचा तो आलेख. तो गेल्यावर मी केक खिडकीबाहेर कावळ्यांना टाकला. कावळ्यांनी खाल्ला, त्यांना काय त्याचं.

मी हो म्हटलंय. का म्हटलं ते अजून मला नीट सांगता येत नाही.

मावशी

*

१६ नोव्हेंबर

लुद्का,

उत्तर नाही आलं. पत्र परतही नाही आलं. यातलं दुसरं मी धरून बसलेय.

तुझ्या वेळचं सगळं तुला पाठ असणार, तरी लिहिते, कारण गेले पंधरा दिवस माझ्या डोक्यात तेच चाललंय. ते १९८९. तू प्रोफेसरांचाच प्रयोग पुन्हा केलास, डॉक्टरेटसाठी. चोवीस पांढरे उंदीर, प्रत्येक एकट्याने उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात, चार अंशांत आठ आठवडे. दर आठवड्याला शेपटीतून थेंबभर रक्त, त्यातला ताणाचा हार्मोन मोजायचा. प्रोफेसरांच्या उंदरांत तो तीन आठवडे चढला होता आणि चौथ्यापासून उतरला होता. प्राणी थंडीला सरावतो, शरीर घाबरणं सोडून देतं, असा त्यांचा शोध. त्या शोधावर मॉस्कोत टाळ्या, प्रागमध्ये टाळ्या, आणि मग ती पिवळी पुस्तिका, शेतकऱ्यांसाठी: वासरांना तीन आठवड्यांनंतर पेंढा नको, सवय होते. आमच्या गल्लीतल्या वलेंतीने ती वाचून गोठ्यातला पेंढा काढला होता. त्याची वासरं कशी उभी असायची ते मी येता-जाता बघायचे. पाठीची कमान करून, नाकातून शेंबूड, आणि आवाज नाही. थंडीने गारठलेलं वासरू हंबरत नाही. तो अभिमानाने सांगायचा, "बघा गेनियाबाई, शांत झालीत. सरावली!"

तुझे उंदीर मात्र सरावले नाहीत. आठव्या आठवड्यालाही हार्मोन वरच. शेवटी कापले तेव्हा मूत्रपिंडावरच्या त्या ग्रंथी फुगलेल्या. तू तो तक्ता घेऊन सभेत उभी राहिलीस. चौदा सप्टेंबर, गुरुवार. दोनच दिवसांपूर्वी वॉर्सात नवं सरकार आलं होतं, लोक हसतमुख होते. सगळं बदलणार होतं म्हणे.

प्रोफेसरांनी तुझा तक्ता चष्म्याशिवाय बघितला. मग म्हणाले, "पोरी, पिंजऱ्याला हात लावल्यापासून तीन मिनिटांत रक्त नाही आलं तर तू थंडी मोजत नाहीस, स्वतःची भीती मोजतेस. उंदीर तुझ्या हातांना घाबरतात." लोक हसले. तू म्हणालीस, "मला दोन मिनिटं लागतात. गेनियामावशीनेच शिकवलंय." तेव्हा ते माझ्याकडे वळले. मी दाराशी चहाची किटली घेऊन उभी होते. "बरोबर. हातांचं गेनियाबाईंइतकं कुणाला कळत नाही. सांगा बाई, कसे आहेत भाचीचे हात?"

मी काय म्हणाले ते तू ऐकलंस. आज ते इथे लिहवत नाही.

ग्रोमाद्स्की नीच माणूस आहे. एवढंच आज.

मावशी

*

२५ नोव्हेंबर

लुद्का,

मागचं पत्र टाकलं आणि पोस्टाच्या पायऱ्या उतरतानाच स्वतःची शिसारी आली. सगळं त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात घालून मोकळी! तर आता ऐक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. प्राणिघरात माझ्या जोडीला असलेल्या वेरोनिकाला माहीत होतं, पण ती गेली.

तुला प्राणिघरातली आमची विगिलिया, नाताळच्या आदल्या दिवसाचं ते जेवण, आठवत नसेल, तेव्हा तू लुब्लिनला शिकत होतीस. चोवीस डिसेंबरला दुपारी बारा वाजता, घरी जायच्या आधी, आम्ही बायका चहाच्या खोलीत बसायचो. खारवलेली हेरिंग, बीटाचं सूप थर्मासमधून, एकमेकींशी वाटून घ्यायचा तो कागदासारखा पातळ पवित्र पापुद्रा, आणि येशू गोठ्यात जन्मला म्हणून टेबलावरच्या चादरीखाली वाळलेलं गवत. प्रोफेसर कम्युनिस्ट पार्टीचे, म्हणून दाराला कडी. घरी गोठ्यात करतात तसंच मग आम्ही करायचो: गवत आणि रंगीत पापुद्र्याचा तुकडा जनावरांना, त्या मध्यरात्री ती बोलतात म्हणतात ना. आमची जनावरं म्हणजे उंदीर. बाकीच्या खोल्यांत त्याने काही बिघडायचं नाही, तिथे पिंजऱ्यांत लाकडाचा भुसा असायचाच.

शहाऐंशी साली वेरोनिका बिआलोविएजाच्या जंगलाकडून गवताचा मोठा भारा घेऊन आली. वाटून उरलं. ती म्हणाली, "आणि थंडीतल्यांचं काय? त्यांच्याकडे कुणी जन्मला नाही का?" मी म्हटलं, "अगं, तिथे चालायचं नाही. जाळी मोकळीच ठेवायची असते." ती म्हणाली, "एक दिवस! सणासुदीचं. तू काय दगड आहेस का?"

आत गेलो. चोवीस दिवस झाले होते त्यांना. प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यात फुगून बसलेला, शेपटीची टोकं काळवंडलेली, डोळ्यांभोवती ते लाल कोरडं पाणी. एकेका पिंजऱ्यात मूठमूठ गवत सरकवलं. लुद्का, पाच मिनिटांत त्यांनी घरटी केली. तोंडाने काड्या ओढून, गोल फिरून फिरून. नाकं तेवढी बाहेर. वेरोनिका रडली. मीही.

सव्वीसपर्यंत ठेवायचं ठरलं होतं. सव्वीसला माझा हात आत गेला आणि रिकामाच बाहेर आला. प्रोफेसर सात जानेवारीपर्यंत डोंगरांत होते. आठला म्हटलं, काढू. नाही काढलं. महिनाअखेर, प्रयोग संपेपर्यंत ते गवत तिथेच होतं. एकदाच, पाहुणे येणार होते त्या सकाळी, मी सगळं पोत्यात भरलं, आणि प्रोफेसर फरची टोपी घालून चार मिनिटं आत उभे राहून गेल्यावर पुन्हा घातलं.

फेब्रुवारीत आकडे आले आणि उतरलेले निघाले. प्रोफेसरांनी चहाच्या खोलीत येऊन माझ्या हाताचं चुंबन घेतलं. सगळ्यांसमोर. "गेनियाबाई, सरावले!" मी आठवी शिकलेली बाई. मला काय कळणार होतं, गवताचा आणि हार्मोनचा काय संबंध? मला वाटलं, खरंच सरावले असतील.

मावशी

*

६ डिसेंबर

लुद्का,

तुझं कार्ड काल मिळालं. नमस्कार नाही, सही नाही. एकच ओळ: "किती पिंजऱ्यांत?"

दिवसभर ते कार्ड टेबलावर होतं आणि मी त्याच्याभोवती फिरत होते. तू तीच आहेस. आईवर गेलीस असं सगळे म्हणायचे, पण तिला असा प्रश्न सुचला नसता. मारायचं तिथे बरोबर मारलंस.

अठरा पिंजऱ्यांत. वरच्या तीन ओळी. खालच्या ओळीला पोचेपर्यंत भारा संपला. सहा उरले. मी वेरोनिकाला म्हटलं, उद्या आणू, पण दुसऱ्या दिवशी सण होता आणि मग राहून गेलं. त्यांना काहीच मिळालं नाही, पापुद्र्याचा तुकडा तेवढा.

आता जे मागच्या पत्रात खोटं लिहिलं ते. मला काय कळणार होतं, असं मी लिहिलं. मला कळलं होतं. आकडे आले त्याच दिवशी. प्रोफेसरांना माझं अक्षर आवडायचं म्हणून तक्ता मीच स्वच्छ उतरवून काढला. अठरांचे उतरलेले. एकोणीस ते चोवीस, सहा, जिथल्या तिथे, वर. मी त्या कागदाकडे बघत बसले आणि मला एवढं स्वच्छ दिसलं की कान गरम झाले. ओळीप्रमाणे! उंदीर कधी ओळीप्रमाणे सरावतात का?

मी तक्ता नेऊन दिला. प्रोफेसरांनी वरून खाली बोट फिरवलं, सहांपाशी थांबले, आणि लाल पेन्सिलने आडवी रेघ मारली. "हे आजारी होते. नाही का गेनियाबाई?" मी म्हटलं, "हो साहेब, खालच्या ओळीतले जरा मलूल होते." ते खोटं नव्हतंच गं. गारठून मलूल होते ते.

तुझ्या हातांबद्दल मी तेव्हा काय बोलले तेही लिहिते. "थरथरतात, साहेब. नवशिकी आहे. मी पाहिलंय." तुझे हात कधीच थरथरले नाहीत. माझ्यापेक्षा चांगले होते. तुझ्या हातात उंदीर झोपायचा. मी तुझ्याकडे न बघता किटली खाली ठेवली आणि कप मांडायला लागले, कारण तू खरी ठरलीस तर कुणीतरी विचारणार होतं की मग त्या वेळी काय वेगळं होतं. आणि ते मला एकटीलाच माहीत होतं. नोकरीची भीती होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला ते हाताचं चुंबन हवं होतं. माणूस इतक्या थोड्यासाठी आपलं लेकरू विकू शकतो.

तो लाल रेघेचा मूळ तक्ता माझ्याकडे आहे. प्राणिघराची रोजची वहीही. तिच्यात माझ्याच हाताने लिहिलंय: २४ डिसेंबर, गवत, १ ते १८. तेव्हा मी सगळं लिहायचे, सवयच होती. कुणी ती वही कधी वाचली नाही.

शुक्रवारी मी बोलणार आहे.

मावशी

*

१५ डिसेंबर

लुद्का,

झालं ते झालं तसं सांगते.

सभागृह खचाखच. पुढच्या रांगेत पाळीव जनावरांचे डॉक्टर, दोन मंत्रालयातले, बिशपकडचा एक पाद्री. त्या काळी कडी लावून पापुद्रा खाणाऱ्या आम्ही, आणि आता पाद्री पुढच्या रांगेत, प्रोफेसरांच्या शेजारी! खोलीत ओल्या लोकरीचा, अत्तराचा आणि अंड्याच्या सॅलडचा वास. तो वास नाकातून जातच नाही अजून.

मला बोलावलं. मी कागद नेला नव्हता. सरळ सांगितलं: चोवीस डिसेंबर शहाऐंशी, दुपारी, आम्ही थंड खोलीत अठरा पिंजऱ्यांत गवत घातलं आणि प्रयोग संपेपर्यंत काढलं नाही. ते सरावले नव्हते. त्यांना अंथरूण मिळालं होतं.

आणि हसू, लुद्का. सगळं सभागृह. रागाचं नाही, प्रेमाचं! संचालक डोळे पुसायला लागला. "विगिलियाचं गवत! उंदरांना! बघा, ही आपली माणसं!" टाळ्या सुरू झाल्या. पाद्री मान डोलवत म्हणाला, "किती सुंदर. किती ख्रिस्ती." कुणीतरी मागून ओरडलं, "मग मध्यरात्री उंदीर काय बोलले, गेनियाबाई?" अजून हसू. मी कबुली दिली आणि त्यांनी तिचा चुटका करून खाल्ला.

प्रोफेसर उठून आले. काठी टेकत, ओठ ओले. वाकून माझा हात धरला, चुंबन घेतलं, आणि तसेच वाकलेले असताना, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मला ठाऊक होतं, गेनिया. त्या दिवशी पाहुण्यांबरोबर आलो होतो ना, मोरीच्या जाळीवर काड्या अडकलेल्या. पण इतका छान आलेख कुणी टाकून देतं का?"

म्हणजे त्यांनी ती सहांवरची रेघ माहीत असून मारली. तुला सभेत विचारलं, मला विचारलं, तेही माहीत असून. मी गप्प बसेन हेही माहीत असून.

त्यांच्या ओठांची ओल माझ्या हातावर होती. मी हात त्यांच्या कोटाच्या कॉलरला पुसला. नीट, दोन्ही बाजूंनी. टाळ्या थांबल्या. मग मी ते सहा आकडे म्हटले, एकोणीस ते चोवीस, आठव्या आठवड्याचे. पाठ आहेत मला. आणि म्हणाले, माझ्या भाचीचे, लुदविका ओकुनेविचचे आकडे याच्याशी जुळतात, तुमच्याच संस्थेत पडलेत, काढा आणि शेजारी ठेवा. मागच्या रांगेत एक तरुण मुलगी होती, तिने पेन काढून लिहून घेतले. बाकी कुणी नाही.

संचालक अगदी मऊ आवाजात म्हणाला, "गेनियाबाई दमल्यात. कुणीतरी त्यांचा कोट आणा." कोट आणला. लहान पोराला घालतात तसा घातला, बटणंसुद्धा लावली. दाराबाहेर पोचेपर्यंत आत केक कापायला घेतला होता. आज बाजारात वलेंती भेटला, म्हणाला, "ऐकलं, तुम्हाला बरं नव्हतं म्हणे." म्हातारी चळली, एवढंच गावात पसरलंय. पसरू दे.

आज सकाळी मी नोटरीकडे जाऊन आले. वही, लाल रेघेचा तक्ता, दोन्हींच्या प्रती आणि माझं सही-शिक्क्याचं निवेदन. एक संच ज्या नियतकालिकात तो आलेख छापला होता त्यांना, एक तुला, या पत्रासोबत. त्याचं काय करायचं ते तू ठरव. चुलीत घातलंस तरी मला विचारायचा हक्क नाही. मूळ कागद नोटरीच्या तिजोरीत आहेत, तुझ्या नावावर. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तेही एक मागणंच झालं असतं.

नोटरी तरुण आहे, सभ्य आहे. मी सांगत गेले, तो टंकत गेला. मध्येच थांबून म्हणाला, "बाई, हे गवतापासून सुरू करू या ना. सगळं प्रकरण तिथूनच सुरू होतं." मी म्हटलं, नाही. पहिलं वाक्य हे घाला: चौदा सप्टेंबर एकोणनव्वद रोजी, भरल्या सभेत, मी माझ्या भाचीच्या हातांविषयी खोटं बोलले. गवत दुसऱ्या वाक्यात येऊ दे.

मावशी